पेशीवरचा खळगा

डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या कडेला छोटासा खळगा. "ही कॅन्सरच्या गाठीतली पेशी. हा खळगा म्हणजे एक प्रथिन. पालेभाजीतलं फोलेट हे जीवनसत्त्व त्यात नेमकं बसतं, मग पेशी त्याला आत ओढून घेते. गाठीवर असे खळगे खूप असतात. म्हणून फोलेटलाच औषध जोडून पाठवायचं."

माझ्या थोरल्या बहिणीने दूधवाल्यावरही कधी विश्वास ठेवला नव्हता. ती चित्राकडे रोखून बघत म्हणाली, "म्हणजे फसवून आत घालायचं. आणि चांगल्या पेशींना असे खळगे नसतात?"

"असतात. मूत्रपिंडात असतात. तिथे त्रास होऊ शकतो."

मला डॉक्टरांचा रागच आला. आजारी ताईला हे कशाला सांगायचं? पण मनात आलं, ती एवढीशी पेशीसुद्धा ओळखीचं दिसलं की आत घेते. आपण तरी माणसांना आणखी काय पारखून घेतो?

ताईने पेन मागितलं.

"आजवर सगळे म्हणाले, काही होणार नाही," ती मला म्हणाली, "होऊ शकतं म्हणणारे हे पहिलेच."

आणि तिने संमतीपत्रावर सही केली.