बर्फातलं इन्सुलिन

"आता नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. इन्सुलिन सुरू करावं लागेल," असं अलिबागचे डॉक्टर म्हणाले. त्यावर आमच्या नाखव्यांनी जो पहिला प्रश्न विचारला, तो जिवाचा नव्हता.

"डाक्टर, होरीवं जाता येल ना?"

होरी म्हणजे होडी. आमचे हे थळच्या कोळीवाड्यातले. बोट स्वतःची म्हणून नाखवा, आणि ती स्वतःच हाकतात म्हणून तांडेलही तेच. मी मंदा, त्यांची बायको. अलिबागच्या बाजारात मासळी विकते. तोंडाने तिखट आहे असं लोक म्हणतात. असेन. गोड बोलून कुणाचं पापलेट खपलंय?

दिवाळीनंतरचे दिवस होते. शिंगाळा माशाचा काटा यांच्या पायात घुसला होता आणि महिना झाला तरी जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी एचबीएवनसी नावाची तपासणी करायला लावली. आदल्या दिवशी उपाशी राहून आपण साखर लपवू शकतो, पण ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला फसवता येत नाही. आकडा बघून डॉक्टरांनी कागद परत एकदा वाचला. मला तेव्हाच कळलं.

इन्सुलिन म्हणजे काय तेही त्यांनी सांगितलं. आपल्या पोटात एक ग्रंथी असते, ती हा रस बनवते आणि त्या रसामुळे रक्तातली साखर अंगी लागते. यांची ग्रंथी थकली होती, म्हणून तो रस आता सुईने घ्यायचा.

"बोटीवर जायला हरकत नाही, पण बाटली थंड ठेवायची," डॉक्टर म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो. "थंड? आमचेकरं बरफाची कं कमी!" हे म्हणाले. तीन-चार दिवसांच्या फेरीला बर्फाच्या लाद्या फोडून खण भरल्याशिवाय आमची बोट धक्का सोडत नाही. डॉक्टरांनी पुढे आणखी काही सांगितलंही असेल. पण 'थंड' ऐकलं आणि आमचे कान बंद झाले. त्या विषयात आम्हाला कुणी काही शिकवावं असं आम्हाला वाटलंच नाही.

मग सुरू झालं. घरात असताना बाटली फ्रिजमध्ये, बोटीवर गेली की पिशवीत बांधून बर्फाच्या खणात, सुरमईच्या शेजारी. खलाशांना पत्ता लागू नये म्हणून हे सुई टोचायचे ते केबिनचं दार ओढून घेऊन. पिशवीत काय आहे विचारलं तर सांगायचे, डोळ्यांत घालायचं औषध.

साखर काही उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला. महिन्याने परत वाढवला. माझा संशय साहजिकच यांच्या खाण्यावर. मी डबे तपासले, खिसे तपासले, कुणाच्या साखरपुड्याचं जेवण कुठे झालं त्याची चौकशी केली. हे शपथा घेत होते आणि मी भांडत होते. वजन उतरलं, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. शिमग्याला सगळा कोळीवाडा नाचत होता आणि आमचे नाखवा खाटेवर पाय वर घेऊन पडले होते. मी आत जाऊन रडले. भांडखोर बाईला रडायला जागा शोधावी लागते.

त्यानंतरच्या तपासणीला डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. साखर उतरून जखम भरली नाही, तर बोट विसरा. नाहीतर आधी पायाच्या बोटाला मुकाल, मग पावलाला.

त्याच सुमारास आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नीता सिस्टरने समाजाच्या हॉलमध्ये साखर आणि ब्लडप्रेशरवाल्यांची सभा सुरू केली होती. सिस्टर म्हसळ्याकडच्या, पण इथे येऊन पहिली गोष्ट शिकल्या ती म्हणजे सभा सोमवारी घ्यायची. सोमवारी लोक मासळी खात नाहीत, बाजार मंद असतो, बायका मोकळ्या असतात. म्हणून सगळ्या बायकाच यायच्या. तिथे साखर मोजायची, पाय बघायचे, थोडा व्यायाम करायचा आणि बाकी वेळ आपापलं दुखणं बोलायचं. गावाने नाव ठेवलं 'गोड मंडळ'.

"बायकांचे मंडलान मी नाय येनार," हे म्हणाले.

"नका येऊ. मग मी एकलीच जातंय, आनि तुमचा पाय कसा सडलाय त्या सगल्यांना सांगतंय."

आले. मागच्या खुर्चीवर बसले, दाराजवळ.

त्या दिवशी सिस्टरने प्रत्येकाला आपलं औषध कसं घेतो ते करून दाखवायला सांगितलं. हसायचं नाही, चूक काढायची नाही, फक्त बघायचं. एक बाई रात्रीची गोळी सकाळीच घेत होती, कारण रात्री तिला मालिका असते. मग यांची पाळी आली. यांनी सुई नीट भरली, नीट टोचली. सिस्टर खूश. सहज विचारलं, "आणि काका, समुद्रावर बाटली कुठे ठेवता?"

"बरफान," हे ऐटीत म्हणाले. "फस क्लास. कदी कदी बाटलीच कडक होते, मंग बगलंत धरून वितलावाची."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. दुधासारखं दिसायला हवं ते औषध, पण आत चुरा तरंगत होता, फाटलेल्या दुधासारखा.

"काका, इन्सुलिन गोठलं की मेलं. परत पातळ झालं तरी उपयोग नाही. तुम्ही इतके महिने पाणी टोचताय."

बर्फात मीठ मारलं की तो आणखी गार होतो, हे कोळ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. मासळी टिकते ती त्याच्यामुळे. पण औषध म्हणजे मासळी नव्हे. हॉलमधल्या सगळ्या बायका एकदम हसायला लागल्या. हसता हसता एकीने कबूल केलं, तिची बाटलीही डीप फ्रीजरमध्ये, कोळंबीच्या पिशवीखाली होती. मी यांच्याकडे बघितलं. इतके महिने ज्या माणसाला मी चोर ठरवलं, त्याने एक पेढासुद्धा खाल्ला नव्हता. घरी जाताना मी रस्त्यातच म्हटलं, "चुकले मी." हे म्हणाले, "आता चा तरी दे नीट." बिनसाखरेचाच दिला.

सिस्टरने लगेच डॉक्टरांना फोन लावला होता. हे महत्त्वाचं, म्हणून नीट सांगते. मेलेल्या औषधावर डोस वाढत गेला होता. नव्या बाटलीतून तोच डोस घेतला असता तर साखर धाडकन खाली आली असती. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि हळूहळू बसवत आणला. तुमच्या घरी असं काही सापडलं, तर आपल्या मनाने काही करू नका, आधी विचारा.

बोटीसाठी सिस्टरने माठाची युक्ती सांगितली. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, आणि आतल्या मडक्यात झाकणाच्या डब्यात बाटली. गार राहते, गोठत नाही. पहिलं मडकं तर बोट नांगरावर असतानाच डुलून फुटलं. मग मी जुन्या जाळ्याचं शिंकं विणलं आणि दुसरं केबिनमध्ये टांगलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोट वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारलेली. हे दर सोमवारी सभेला जायला लागले, दारातून सरकत सरकत दुसऱ्या रांगेत आले. जखम कडेने भरत चालली. मला वाटलं, सुटलो.

मग आषाढात एका सकाळी मी भाकरी घेऊन बोटीकडे गेले, तर हे आणि हिरामण जाळं सांधत बसले होते. हिरामण आमचा जुना खलाशी, यांच्या बरोबरीचा. देवभोळा माणूस. एकवीरा आईला नवस बोलून त्याने साखर सोडली होती, म्हणून त्याचा चहा बोटीवर वेगळा व्हायचा, आणि सगळे त्याच्या निष्ठेचं कौतुक करायचे.

हे माझ्यावर खेकसले. त्यात नवीन काही नाही. पण बोलणं अडखळत होतं, कपाळावर घाम, हातातली जाळ्याची सुई थरथरत होती. सकाळी इन्सुलिन घेतलं होतं आणि कामाच्या नादात खाल्लं काही नव्हतं. सिस्टरने शिकवलं होतं तेच हे. हायपोग्लायसेमिया, म्हणजे रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाणं. वेळेत साखर मिळाली नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. मी साखर आणायला वळले, तेवढ्यात हिरामणने खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून यांच्या तोंडात कोंबल्या.

"वैनी, साखरेचा पानी आन. भाकरी मंगशी."

थोड्या वेळाने हे माणसात आले. "ऊन लागलं," म्हणाले. आषाढात, ढगाखाली! हिरामणने मान डोलावली आणि परत जाळं हातात घेतलं. साखर सोडलेल्या माणसाच्या खिशात लिमलेट कशाला, हे मला त्या गडबडीत सुचलं नाही.

श्रावण लागायच्या आधी परत तपासणी झाली. एचबीएवनसी खाली आली होती, जखम बंद. आषाढातली ती सकाळ मी डॉक्टरांना सांगितली. डॉक्टर म्हणाले, "जा समुद्रावर. पण त्या दिवशी झालं तसं तिथे झालं, तर साखर कोण देणार? बोटीवर एकाला तरी माहीत असलं पाहिजे. ही माझी अट आहे."

रात्री हे म्हणाले, "चक्कर येनारे तांडेलाचे मागं कोन येल दर्यान?"

खलाशी आपला जीव तांडेलाच्या डोळ्यांवर सोडून झोपतात. त्यांनी बोट सोडली तर यांचं औषध बरोबर असून उपयोग काय होता? आणि न सांगता गेले, तर माझ्या कपाळाचं कुंकू रोज लाटांवर. मी म्हटलं, "तुमी नाय सांगितलं तर मी सांगन." ही धमकी नव्हती, भीती होती.

नारळी पुनवेच्या आधी खलाशी आमच्याकडे जेवायला येतात, त्या जेवणावर मोसमाचं ठरतं. जेवणं झाली. मी दारात उभी राहिले. हे उठले, केबिनमधला माठ त्यांनी घरी आणून ठेवला होता तो मध्ये आणला, आणि बाटली काढून सगळ्यांसमोर धरली.

"हा डोल्यांचा औषध नाय. माना साखर हाय. रोज सुई घेतंय. दर्यान कवा घाम सुटला, बरलाया लागलो, तर माज्या तोंडान साखर घालाची. ज्याला यावाचं नाय त्यानी आता सांगा. राग नाय."

एकाने बाटलीकडे पाहिलं, एकाने जमिनीकडे. मला वाटलं, संपलं.

हिरामण उठला. मला वाटलं, निघाला. त्याने कमरेची पिशवी सोडली आणि गोळ्यांचं एक पाकीट माठाशेजारी ठेवलं.

"नाखवा, माना पन हाय. चार वरसां झाली."

"आनि एकवीरेचा नवस?"

"कसला नवस! आईसाठी नाय सोडली, डाक्टरनी सोडवली. तू माना उतरवशील होरीवरशी, म्हनून आईचं नाव घेतलं."

इतके दिवस दोघे एकाच केबिनमध्ये, हातभर अंतरावर, एकमेकांपासून एकच आजार लपवत बसले होते. मी हसायला लागले आणि हसता हसता डोळे भरून आले. बाकीच्यांनी विचारलं एवढंच, साखर किती घालायची. ते मी त्यांना तिथेच करून दाखवलं. सगळे यायला तयार होते.

आता सोमवारी बोट धक्क्याला असली की बोटीवरचे पाचही जण सभेला असतात आणि बायका तक्रार करतात की पुरुषांनी खुर्च्या अडवल्या. केबिनमध्ये माठ टांगलेला असतो, शेजारी साखरेचा डबा. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. नीता सिस्टरचे आणि त्या हॉलमधल्या हसणाऱ्या बायकांचे उपकार मी मासळी देऊन फेडायला बघते, पण सिस्टर नेमक्या शाकाहारी. तुमच्या गावात असं मंडळ असेल तर जा. नसेल तर चार जण बसा आणि औषध कुठे ठेवता तेवढं तरी एकमेकांना दाखवा.

बोट सुटायच्या दिवशी नारळ वाहून झाल्यावर हिरामण कानकोंडा होऊन उभा होता. खोट्या नवसाचं त्याला लागलं होतं. "कार्ल्याला जाऊन आईची माफी मागीन," तो म्हणाला. "पन आता आईला खरंच कं तरी सोडाया पायजे. कं सोडू, नाखवा?"

यांनी इंजिन सुरू करता करता मागे वळून सांगितलं, "लपवनं सोड."