थोरलीच्या चादरी

माझ्या थोरल्या मावशीला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता. तिनं धुतलेलं पांढरं खरोखर पांढरं असायचं. आईला कपडे धुवायला तिनंच शिकवलं, आणि हे ती आईला कधी विसरू देत नसे.

मग नदीवर वीजनिर्मितीचं धरण झालं. मावशीचं घर धरणाच्या खाली, नदीकाठी. आमचं वर डोंगरात, ओढ्यापाशी. धरणाच्या गेस्ट हाउसचा केअरटेकर चादरी आणून द्यायचा, त्या दोघी निम्म्या-निम्म्या धुवायच्या. दुसऱ्या वर्षी मावशीच्या चादरी पिवळ्या पडू लागल्या. आईच्या मात्र बगळ्यासारख्या.

एका सकाळी मावशी न सांगता आली ती थेट मोरीत. टबात हात घातला, साबण हुंगला, फळीमागे डोकावली.

"काय शोधतेस गं ताई?"

"तुझी पावडर. कुठे लपवलीस?"

"हा एकच साबण आहे. तू वापरतेस तोच."

"मग केअरटेकरला चहा पाजून चादरी पांढऱ्या होत असतील."

आई हसली, तिथंच चुकलं. मग समजावायला लागली. धरणाच्या तळाशी गाळ आणि वरच्या शहराचं सांडपाणी कुजतं, तिथल्या पाण्यात लोखंड विरघळतं, आणि तेच पाणी टर्बाइनमधून खाली येतं. हवा लागली की गंज धरतो. "ब्लीच अजिबात टाकू नकोस. डाग पक्का बसतो."

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. धाकटी ब्लीच नको म्हणतेय, म्हणजे सगळी गोम ब्लीचमध्येच आहे, हे तिला घरी पोचायच्या आत कळलं होतं. त्या आठवड्यात तिनं दुप्पट ओतलं.

चादरींवर कुणी चहा सांडावा तसं झालं. केअरटेकरनं गठ्ठा परत पाठवला आणि निरोप दिला, यापुढे सगळं काम धाकट्या बाईंकडे.

आईनंच तिला बोलावून घेतलं. मावशी तोंड फुगवून आली, पण आली. आमच्या अंगणात ओढ्याचं पाणी नळानं येतं. तिथल्या दगडावर तिनं नव्या गठ्ठ्यातल्या निम्म्या चादरी घासल्या, पिळल्या, झटकल्या. पांढऱ्याशुभ्र. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता तरी मनातलं निवळेल. झालं उलटंच. बहीण लबाड निघाली असती तर भांडता तरी आलं असतं. ओढ्याशी काय भांडणार?

"हात माझाच चांगला," ती म्हणाली. "तुला नुसतं पाणी मिळालंय."

"हो ताई."

"हो काय हो? माझ्या चादरी वेगळ्या वाळत घाल. रस्त्याच्या बाजूला. केअरटेकरला गाडीतून दिसल्या पाहिजेत."

आईनं दुसरी दोरी बांधली. संध्याकाळी केअरटेकर आला आणि दोन्ही दोऱ्यांवरच्या चादरी एकाच गठ्ठ्यात बांधू लागला. मावशीनं त्याला गाठ सोडायला लावली.