पाताळाच्या देवाचा आशीर्वाद

पुण्यातली नोकरी सुटली म्हणून माझा धाकटा भाऊ शेगावले माझ्याकडे आला, तेव्हा मले बरंच वाटलं. खोटं कायले सांगू? आई-बाप गेल्यावर दुसरबीडचं घर बंद पडलं होतं. माहेर म्हणून तो एकटाच उरला होता.

आमच्या खालच्या रिकाम्या हॉलमधी त्यानं एस्केप रूम काढायचं ठरवलं. लोकांनी तिकीट काढून आत कोंडून घ्यायचं, कोडी सोडवायची अन् चावी शोधून बाहेर निघायचं. दर्शनाच्या रांगेतून सुटलेला माणूस पुन्हा कोंडून कोण घेईल, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण हा खेळ चालला तरच तो राहणार होता, म्हणून मी गप बसले. मले ओळखणाऱ्यांना कळेल, हे किती अवघड होतं.

विषय ग्रीक पुराणाचा. प्लायवूडचा भुलभुलैया, थर्माकोलचे खांब, बैलाच्या तोंडाचा राक्षस. शेवटच्या खोलीत मेलेल्यांचा देव, पाताळाचा राजा, अन् चावी त्याच्या मूर्तीखाली. मूर्ती केली गणपती करणाऱ्यानं. भावानं त्याले मोबाइलवर फोटो दाखवला होता, पण त्या भल्या माणसाचा हात सवयीनंच चालला. देव कमळावर बसला, अन् त्याचा उजवा हात आशीर्वादाले उठला. भावानं कपाळ बडवून घेतलं. मी हसले, तर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

मंग व्हायचं तेच झालं. लोक चपला दाराशी काढून आत जात. राक्षसाले पाहून हसत, कोडी पटापटा सोडवत, अन् शेवटच्या खोलीत हात जोडून उभे राहत. मूर्तीले कोणी हात लावेना. 'मूर्ती उचला' अशी पाटी लावली, तर एक म्हातारबुवा म्हणाले, प्रवासातून आलो, पारोसा आहे, कसा उचलू? बीबी गावच्या एका बाईनं हळद-कुंकू वाहिलं, अन् देव पक्का बसला. शेवटी भावानं चावी खांबामागं ठेवली, पण तोवर उशीर झाला होता. कॉलेजची पोरं देऊळ म्हणून फिरकेनात. बाकीचे नुसतं पाया पडायले येत, अन् पाया पडायले तिकीट कोण काढतं?

पुण्याहून नव्या नोकरीचा फोन आला, तसं त्यानं सगळं मोडीत काढलं. टेम्पोवाला बाकीचं घेऊन गेला, पण मूर्ती उचलेना. आधी उत्तरपूजा करा म्हणे. त्या देवाचा मले इतका राग आला होता, तरी अक्षता मीच वाहिल्या. गणपती हलवतात तशी मूर्ती जरा हलवली. पुन्हा या म्हणायची वेळ आली अन् जीभ अडली. मेलेल्यांच्या देवाले घरी कसं बोलावू?

भाऊ बॅग घेऊन दारात उभा होता.

"जातो ताई."

आमच्या घरात असं कोणीच म्हणत नाही.

"येतो म्हण."

"कुठं येऊ, ताई? काय आहे इथं?"

मी होते ना इथं. पण तो पायऱ्या उतरला होता, अन् निघालेल्या माणसाले मागून हाक मारायची नसते. मी नाही मारली.