लेकीच्या खोलीतली हळद

मी हट्टा या आमच्या गावी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. दिवसभर सोबतीला मशीन असतं, आणि ते काही गप्पिष्ट नाही. बायको वारली, लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली, तेव्हापासून घरात माझ्या चपलांचाच काय तो आवाज. घर खायला उठतं म्हणतात, ते खरं आहे.

आमच्या गावाला रिकामी खोली बघवत नाही. हळदीचा भाव चढेपर्यंत पोती कुठंतरी ठेवावी लागतात. उन्हाळ्यात शेजारचे काका आले. "दादा, लेकीची खोली निस्ती पडून हाय. काहून वाया घालता? पोती ठुवू का? तुमी म्हणान तवा काढतो." मी लगेच हो म्हणालो. पोत्यांच्या निमित्तानं कुणीतरी दार वाजवेल, एवढाच माझा स्वार्थ होता.

दिवाळी जवळ आली तसा लेकीचा व्हिडिओ कॉल आला. माझी खोली दाखवा म्हणाली. दाखवली. छताला भिडलेली पोती आणि भिंतीला उभी केलेली तिची कॉट.

"मग मी झोपू कुठं, बाबा? जाऊ द्या, यंदा इकडंच राहते."

तिनं फोन ठेवला आणि पाठोपाठ कंपनीतल्या नव्या साहेबांचा आला. सर्व्हर संथ चाललाय, रिपोर्टात मोकळी मेमरी संपत आलीय, ताबडतोब मेमरी वाढवा, असा त्यांचा धोशा. मी समजावत बसलो. साहेब, 'मोकळी' हा रकाना बघून घाबरू नका. हे मशीन मेमरी रिकामी पडू देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली तिथं ठेवून घेतं, पुन्हा लागल्या तर हाताशी असाव्यात म्हणून. कुणी जागा मागितली की त्या झटक्यात बाजूला करतं. बघायचा तो शेजारचा 'उपलब्ध' रकाना, आणि तिथं मुबलक आहे. मग शोधलं तर भर दुपारी कुणीतरी बॅकअप सुरू केला होता आणि डिस्क त्यात अडकली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फोन ठेवला आणि डोक्यात प्रकाश पडला. लेकीनंही साहेबांसारखा चुकीचाच रकाना वाचला होता! तसाच काकांकडं गेलो. "काका, खोली लागती."

"लेकरू येऊन राहिलं का? मंग सांगायचं न्हाई व्हय!" काकांनी दोन्ही पोरांना हाक मारली. चहा होईस्तोवर पोती त्यांच्या ओसरीत गेली. मी खोली झाडली, कॉट टाकली, तिच्या आवडीची चादर अंथरली. हळदीचा वास मात्र गेला नाही. मग तिला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ, जागाच जागा."

ती म्हणाली, "जागेचं निमित्त होतं, बाबा. आईशिवाय त्या घरात दिवाळी मला जमत नाही."

म्हणजे मीही बंब सोमेश्वरीच नेला होता.

"मलाही जमत नाही गं," मी म्हणालो. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो.

"मग तिथं का राहता?"

सर्व्हर कुठूनही सांभाळता येतो, हे तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी काका आले. मी कॉट पुन्हा भिंतीला उभी करत होतो, ते बघून त्यांचा चेहरा पडला. "न्हाई येत का लेक?"

"नाही येत. पोती परत आणा. माझ्या खोलीतही ठेवा."

"आन तुमी कुठं झोपान?"

"लेकीकडं," मी म्हणालो.