दहा ठोकळ्यांचा गाभारा

आयुष्यभर मी बोलण्यावरच जगलो. शाळेत संस्कृत शिकवले, निवृत्तीनंतर निर्मळपासून आगाशीपर्यंत देवळादेवळांतून पुराणे सांगितली. इतके बोललो — आणि ही एक गोष्ट मात्र कधी ओठांवर आली नाही. पत्नीला सांगितली नाही. देवालाही नाही, तो जाणतोच, मग सांगायचे कशाला, अशी पळवाट मी काढून ठेवली होती. तुम्हाला आज सांगतो आहे. तुम्ही समोर बसला आहात असे मानतो, पण तुमच्या चेहऱ्याकडे पाहणार नाही.

विषय ऐकून कदाचित हसाल. लहान मुलांचा एक खेळ. टॅबच्या काचेवर चौकोनी ठोकळे एकावर एक लावायचे आणि घरे, पूल, किल्ले, वाटेल ते उभे करायचे. त्यात हार नाही, जीत नाही. अशा खेळात मनुष्याला किती खाली उतरता येईल? — मी उतरलो, म्हणून सांगतो.

या गोष्टीला आता आठ वर्षे होतील. माझी नात मृण्मयी तेव्हा सातवीत होती. एके दिवशी ती टॅब घेऊन माझ्याजवळ झोपाळ्यावर येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, आपण देऊळ बांधू या? तुम्ही सांगा, मी लावते." मला किती आनंद झाला म्हणून सांगू? वास्तुशास्त्राच्या जुन्या वह्या मी पुन्हा काढल्या. आधी जोते, मग गाभारा, पुढे मंडप, वर शिखर. देवळाच्या मध्यातून दारापासून देवापर्यंत जाणारी एक रेषा असते, तिला आम्ही ब्रह्मसूत्र म्हणतो. सारे देऊळ त्या रेषेवर तोललेले असते, हेही तिला समजावले. गाभाऱ्याची रुंदी मी नऊ ठोकळे ठरवली. विषम संख्या, म्हणजे मधला ठोकळा नेमका मध्यावर येतो आणि त्यावर पिंडी.

शास्त्र ठीक होते. ठोकळे मात्र ऐकत नव्हते. त्या खेळात ठोकळ्याच्या ज्या अंगाला बोट लागेल त्याच अंगाला नवा ठोकळा चिकटतो. माथ्यावर ठेवायला जावे तर तो कुशीला लागे. आठ दिवसांत आमचे शिखर एका बाजूने फुगले आणि भिंत मध्येच बाहेर आली. मृण्मयी रडकुंडीला आली होती.

तेव्हा शार्लिन आली. मृण्मयीच्या वर्गातली, आमच्या मागच्या गल्लीतल्या ख्रिस्ती गवंड्याची मुलगी. तिने आमची भिंत पाहिली आणि खेळातल्या जमिनीवर लाल ठोकळ्यांची एक सरळ ओळ टाकली.

"डॅडी भिंत घ्यायच्या आधी दोरी लावतात," ती म्हणाली. "ही आपली दोरी. भिंत झाली की लाल काढून टाकायचे. आणि खेळात चालता चालता लावू नको गं, भिंतीसमोर सरळ उभी राहा, मग लाव."

एवढेच. दोन दिवसांत भिंती ओळंब्यात आल्या. मीही कौतुक केले. खरे कौतुक होते ते — निदान त्या दिवशी तरी.

मग दाराचा प्रश्न निघाला. गाभाऱ्याला दोन झडपांचे दार हवे असे मीच सांगितले होते. शार्लिनने बोटांवर मोजले आणि अगदी सहज म्हणाली, "आजोबा, नवात नाही बसत. दोन झडपा लावल्या की एका बाजूला चार उरतात, एका बाजूला तीन. देव तिरका दिसेल. दहा घेऊ या."

मी म्हणालो, दहा घेतले तर मध्यावर ठोकळाच येणार नाही. मग पिंडी कुठे ठेवायची?

"चार ठोकळ्यांची करायची. मधली रेघ त्यांच्या मधून जाईल. रेघेला जाडी थोडीच असते?"

मृण्मयी टाळी वाजवून हसली. "आजोबा, तुमची विकेट गेली."

मीही हसलो. पण आत काय झाले? बारा वर्षांच्या मुलीने मला माझेच शास्त्र शिकवले होते. सूत्र ही रेषा आहे, दगड नव्हे, हे पन्नास वर्षे ग्रंथ चाळून माझ्या ध्यानात यायला हवे होते. ते आले गवंड्याच्या मुलीच्या. हे वाक्य तेव्हा मनात अगदी याच शब्दांत उमटले होते — गवंड्याच्या मुलीच्या. ते मऊ करून सांगणार नाही.

देऊळ पुन्हा पहिल्यापासून उभे राहिले. दहा ठोकळ्यांचा गाभारा, दोन झडपांचे दार, पायरीपायरीने निमुळते होत गेलेले शिखर. सुंदर होते, हे तुमच्यापुढे नाकारणार नाही. पिंडीचे चार ठोकळे लावायची वेळ आली तेव्हा शार्लिनने टॅब मृण्मयीकडे सरकवला आणि म्हणाली, "ते तू ठेव. तुमचा देव आहे." मी शेजारीच होतो. ऐकले. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ती विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला.

त्यानंतर मला कुणी काही विचारीनासे झाले. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला, त्याला मृण्मयीने मोठ्या हौसेने देऊळ दाखवले. "माप शार्लिनने काढलंय," ती म्हणाली. विद्यार्थी माझ्याकडे वळून म्हणाला, "मला वाटलं सरांनी." त्यावर मी काय करावे? मंद हसलो आणि पत्नीला चहा टाकायला सांगितले.

पुढच्या आठवड्यातली दुपार. मृण्मयी शाळेत, मुलगा आणि सून कामावर, पत्नी आत झोपलेली. टॅब झोपाळ्यावर पडला होता. मी उघडला. केवळ पाहावे म्हणून — असे मी स्वतःला पुढे कैक वर्षे सांगत आलो. वय झालेले, बोट थरथरले, काचेवर जरा जास्त वेळ राहिले. त्या खेळात बोट दाबून धरले की ठोकळ्याला तडे जातात आणि तो फुटतो. कळसाचा एक ठोकळा असाच फुटला. तो परत लावायला गेलो, तर कुशीला चिकटला. तो काढायला गेलो, आणखी एक गेला. चूक, अपघात, म्हातारपण.

पण हे खरे आहे का? पहिला ठोकळा चुकून फुटला, हे खरे. दुसराही चुकून गेला असेल. तिसरा नाही.

तिसऱ्यावर मी बोट ठेवले आणि दाबून धरले. एक ठोकळा फुटायला किती वेळ लागतो? एक श्वास. म्हणजे प्रत्येक ठोकळ्यागणिक थांबायला मला एक श्वास मिळत होता. मी शिखर फोडले. दाराच्या झडपा फोडल्या. ती दहाची भिंत तळापासून काढली, आणि शेवटी पिंडीचे चार ठोकळेही. त्याच सकाळी याच बोटांनी मी अभिषेक केला होता. हात थांबला नाही. आणि मला वाटत काय होते? राग नाही, दुःख नाही. बरे वाटत होते. अंगातून काहीतरी गोड उतरत जावे तसे बरे वाटत होते. त्या गोडीची आठवण झाली की आजही मला जेवण जात नाही.

काच उपरण्याने पुसली. टॅब होता तसा ठेवला. मग मोरीत जाऊन हात धुतले. कशाचे धुतले?

संध्याकाळी मृण्मयीने खेळ उघडला. ओरडली नाही. म्हणाली, "कोणी केलं हे?" खेळातल्या त्या जागेत दोघींनाच जाता येत असे, तिला तिच्या टॅबवरून, शार्लिनला तिच्या. म्हातारे आजोबा तो खेळ उघडतील हे कुणाच्या मनात येणार? मी वाती वळत बसलो होतो. मान वर न करता म्हणालो —

आता सांगतो. हेच सांगायचे होते; देऊळ फोडले हे नव्हे.

मी म्हणालो, "ज्याचं ते दैवतच नाही, त्याच्या हाताला त्याची काय कदर असणार?"

एवढेच बोललो. नाव घेतले नाही. मृण्मयी हळूच म्हणाली, "शार्लिन आज आली नव्हती शाळेत. घरीच होती." मी पुढची वात वळायला घेतली.

त्या रात्री जपाला बसलो तेव्हा मनाशी हिशेब केला, की आपण असत्य एक अक्षरही बोललो नाही. केवळ एक प्रश्न विचारला. सत्य बोलण्याचे माझे व्रत अभंग होते. एवढ्या विद्येचा उपयोग मी कशासाठी केला, पाहता ना? आणि मी बोललो त्यावर माझा स्वतःचा तरी विश्वास होता का? मुळीच नाही. शार्लिनच्या आजीच्या वाडीतली फुले वर्षानुवर्षे माझ्या देवाला चढत होती. सकाळी फाटकाला पुडी अडकवलेली असे. पुढेही काही वर्षे असे, कारण त्या माउलीला काही ठाऊक नव्हते. आणि मी ती घेत होतो. वाहत होतो.

मृण्मयीने आपल्यावर आळ घेतल्याचे कानी पडले, आणि तिसऱ्या दिवशी शार्लिन आली. तापातून उठलेली, तोंड उतरलेले. सायकल हातात धरून फाटकाशीच उभी राहिली. मृण्मयी माझ्या मागे दारात होती, पुढे गेली नाही.

"आजोबा, तुम्ही दुपारी घरी असता ना," शार्लिन म्हणाली. "तुम्ही सांगा हिला. मी नाही तोडलं. मी कशाला तोडू? मला ताप होता, मी झोपले होते."

मागे नातीचा श्वास ऐकू येत होता. एका वाक्याचे काम होते. "बाळ, मी तोडले." तीन शब्द. फार तर एका नातीच्या नजरेतून उतरलो असतो, आणि तेही चार दिवस. मुले लवकर क्षमा करतात.

मी म्हणालो, "मला त्या खेळातलं काय कळतं, बाळ?"

पुन्हा प्रश्नच. पाहिलेत? तेव्हाही मी व्रत सांभाळले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. ब्रह्मसूत्रावरून माझ्याशी वाद घातलेली मुलगी होती ती. मला त्या खेळातले किती कळते, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? तिला त्याच क्षणी सारे उमगले असावे असे मला वाटते. पण तिने ते बोलून दाखवले नाही. मोठ्या माणसाला असे म्हणायचे नसते, हे तिला घरून शिकवलेले होते. "बरं," म्हणाली आणि सायकल वळवली. बारा वर्षांच्या मुलीने माझी लाज राखली. मी तिची राखली नाही.

त्या दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. वर्गात बाके बदलली. वाटेत भेट झाली तर मृण्मयी रस्ता ओलांडी. एकदा पत्नीने विचारले, ती गवंड्यांची पोर हल्ली येत नाही ती? मी म्हणालो, मुलींचे असेच असते.

मृण्मयी आता पुण्याला शिकते, वसतिगृहात राहते. गेल्या महिन्यात चार दिवस आली होती. निघताना बॅग भरता भरता म्हणाली, "आजोबा, एक सांगू? वर्गातली एक मुलगी माझ्याबरोबर खोली घेऊ म्हणत होती. चांगली आहे तशी. पण आपल्यातली नाही. मला तुमचं ते वाक्य आठवलं, दैवताचं. मी नको म्हटलं."

मी तिच्या बॅगेची चेन ओढून दिली.

"बरं झालं तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत माझे," ती म्हणाली. "नाहीतर मला माणसं कळलीच नसती."

मग ती नमस्काराला वाकली. मी तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.