हिराची चोरओटी

मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात बातमी बर्फापेक्षा लवकर पाझरते. गेल्या साली पाझरलेली बातमी अशी : कोळंबीवाल्या हिराला पन्नाशीत दिवस गेलेत!

पुरावेही भरभक्कम. सुकटीसारखी हिरा, पण गाल तांदळाच्या भाकरीसारखे टम्म फुगले, पोट पुढे आलं. आपल्या भाकऱ्या संपवून ती शेजारणीच्या डब्याकडे बघू लागली. झोप उडाली, जीभ तिखट झाली. तिचा नवरा बाबल्या ट्रॉलरवर. खलाशी त्याच्याकडे पेढे मागत आणि तो बिचारा मनातल्या मनात महिने मोजी.

हिराला मात्र वेगळीच चिंता. कोळंबी सोलली की तिच्या हातांवर गांधी उठत, ओठ सुजत. कोळंबीवालीलाच कोळंबी सोसत नाही हे फुटलं, तर तिच्या पाटीजवळ कोण फिरकणार? सासूपासून चालत आलेली धक्क्यालगतची जागा गेलीच म्हणून समजा. शेजारी बांगडे विकणारी कमळा त्या जागेवर डोळा ठेवूनच होती. एकदा डॉक्टरांनी चार दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या, खाज पळाली. गुण आलेलं औषध सोडतंय कोण? रिकामी पट्टी दाखवून हिरा मेडिकलमधून गोळ्या आणतच राहिली.

आणि एका दुपारी पदराआड काहीतरी लपवत कमळा दारात हजर.

"काय गो, हा काय?"

"चोरओटी. नारळ, तांदूळ, खण. तिसरा म्हयना सरला ना? लाजतंस कशाला? बाबल्याचाच ना?"

हिराने तिला अशा शिव्या हासडल्या की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. नारळ तेवढा ठेवून घेतला. भूकच तशी होती. पण मनाशी म्हणाली, या गोळ्या लागल्यापासूनच अंग फुगलंय. त्याच संध्याकाळी पट्टी चुलीत गेली.

पुढे हात-पाय गळाले. मग भर लिलावात हिराला भडभडून ओकारी आली आणि ती पाटीवरच कोसळली. ओकारी! आता तर उरलीसुरली शंकाही फिटली. कमळानेच तिला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना बजावलं, "जपून बघा हो, दोन जीवांची हाय."

डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

हिराने कमळाकडे पाहिलं. ही ऐकणार, म्हणजे धक्का ऐकणार. पण डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिने सगळं सांगून टाकलं.

"अहो, या गोळ्या अशा एकदम तोडतात का? जिवावर बेतलं असतं! आता आम्हीच हळूहळू कमी करू. आणि कोळंबीला हात लावायचा नाही."

"मग मी विकू काय? हिला जागा देऊ?" हिरा रडायलाच लागली.

कमळाने पदर खोचला. "बांगडा घे माजा. कोळंबी मी विकतंय. जागा तुजीच, मी बाजूला बसतंय. आणि माजा नारळ?"

"खाल्ला."

आज दोघी शेजारी बसतात, आणि गिऱ्हाईक गेलं की एकमेकींच्या मालाला नावं ठेवतात.

हिराला दिवस गेले नव्हते. खाज लपवायला ती डॉक्टरांना न विचारता कित्येक महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खात होती आणि त्यांनी तिचं तोंड आणि पोट फुगलं होतं; त्या एकदम तोडल्या म्हणून ती कोसळली होती.