टाकीचं झाकण

दादा गेल्यापासून त्याचा म्हातारा ट्रक वहिनीच चालवते. त्या दिवशी विटांनी भरलेली ट्रॉली ओढताना अर्ध्या चढावर ट्रकचा दम तुटला. ॲक्सिलरेटर पार दाबूनही इंजिन हुंदके देऊ लागलं. मागं माणसांनी भरलेली बस होती. इंजिन बंद पडलं असतं, तर एवढं ओझं जुन्या ब्रेकला पेललं नसतं.

"भावोजी, धूर बघा!"

शेजारी बसलेल्या दिरानं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "धूरच नाही!"

"म्हणजे डिझेल पोचत नाही. फिल्टर तर नवाच आहे. टाकीला कुणी हात लावला?"

दिरानं मुंडकं आत घेतलं. "डिझेल सांडायचं म्हणून मीच झाकणात ट्यूबचं रबर ठोकून बसवलं. आता थेंब गळत नाही."

"आणि आत हवा कुठून जाणार, तुमच्या नाकातून? उतरा, झाकण काढा!"

तो उडी मारून ट्रकबरोबर पळाला आणि झाकण हिसकून काढलं. टाकीनं फस्सकन हवा ओढली. इंजिन दोनदा ठसकलं, मग काळा धूर ओकत निघालं.

तो धापा टाकत माथ्यावर पोचला, तेव्हा वहिनी चाकामागं दगड लावत होती.

"रबर फेकू का?"

"नको. तुमच्या नाकातोंडाला बसवा."